शाळेचे व्यसनप्रतिबंधक धोरण कसे असावे? गोव्यातील पालक-शिक्षकांची मते हवी आहेत

कुळागर

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक विद्यालयाच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीवर यंदा माझी निवड झाली असून, चतुर्थीच्या सुट्टीनंतर होणाऱ्या सभेत विद्यार्थ्यांमधील व्यसनांविषयी शाळेचे लेखी धोरण ठरवण्याचे काम आमच्याकडे आले आहे. आजवर असे धोरण कागदावर कुठेच नव्हते. दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, पोलीस खात्यातील एखादे अधिकारी येऊन व्याख्यान देतात, भित्तिचित्रांची स्पर्धा होते, मुले शपथ घेतात. शिक्षक हे सगळे मनापासून करतात आणि त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. तरीही वर्षाच्या उरलेल्या दिवसांत शाळेने काय करायचे, आणि एखादे मूल खरोखरच अडकलेले आढळले तर त्या दिवशी कोणी काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळत नाहीत.

हा विषय मला का टोचतो ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्या भागातील दुसऱ्या एका शाळेत नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात ई-सिगारेट सापडली. ओळी रंगवायच्या जाड पेनाएवढी, निळसर, आंब्याच्या वासाची. वर्गशिक्षिकेला ती आधी पेनच वाटली होती. अशा सिगारेटींचे उत्पादन, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर २०१९ च्या कायद्याने देशभर बंदी आहे, तरी ती त्या मुलाच्या हाती आली. शाळेने दुसऱ्याच दिवशी आईला बोलावून दाखला तिच्या हातात ठेवला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ मुळे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीतल्या मुलाला ते संरक्षण नाही. ती वस्तू त्याला कोणी दिली, किती दिवसांपासून तो ओढत होता, घरी काय चालले होते, यांपैकी एकही प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. तो आज एका गॅरेजात काम करतो. त्याच्या वर्गातील इतर मुलांनी मात्र एवढे पक्के ध्यानात ठेवले, की असे काही घडले तर ते शिक्षकांच्या कानावर जाऊ द्यायचे नाही.

माझ्या मते प्रतिबंधाचे सारे प्रयत्न नेमके इथे फुकट जातात. कुतूहलापोटी किंवा मित्रांच्या आग्रहाखातर ज्या मुलाने पहिल्यांदा काहीतरी घेतले आहे, ते दुसऱ्या दिवशी बहुधा घाबरलेले असते, आणि त्या वेळी शाळेतले निदान एक मोठे माणूस त्याला असे वाटले पाहिजे, की ज्याच्याकडे गेल्यावर आपले वर्ष आणि आपली अब्रू दोन्ही सुरक्षित राहतील. तसे माणूस नसेल तर मुलाला सल्ला द्यायला फक्त ती वस्तू देणाराच उरतो.

आणखी एक गोष्ट. हे सारे हणजूण-बागा-हरमलकडचे, पर्यटकांचे दुखणे आहे, आपल्या तालुक्यांचे नव्हे, असे आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी ठामपणे सांगितले. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हुंगण्याच्या द्रव्यांचा (गोंद, थिनर यांसारख्या नशेसाठी हुंगल्या जाणाऱ्या वस्तूंचा) वापर प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के, असे तीत आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक दिसलेला हा एकमेव प्रकार होता, आणि सुमारे ४.६ लाख मुलांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज त्या अहवालात दिला आहे. ही द्रव्ये कोणत्याही किनाऱ्यावर उतरत नाहीत. ती स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात राजरोस मिळतात, आणि तशी दुकाने फोंड्यात आहेत, कुडचड्यात आहेत, साखळीतही आहेत.

ज्यांच्या शाळेत असे धोरण आहे किंवा ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी आपल्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

वाळपईकर

कुळागर, आपण विषय काढलात हे चांगले केलेत, पण माझे मत थोडे वेगळे आहे. माझी मुलगी आठवीत शिकते. ज्या मुलाच्या दप्तरात तसली वस्तू सापडली त्याच्याविषयी मलाही वाईट वाटते; तथापि शाळेचे पहिले कर्तव्य त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलांशी आहे. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, हे आपण दरवर्षी घरच्या माळ्यावर पाहतो. दप्तरांची अचानक तपासणी, शाळेत मोबाईलला बंदी आणि संशय आल्यास लघवीची चाचणी, या तीन गोष्टी धोरणात असल्याच पाहिजेत, असे मला वाटते.

आणि मुलांइतकेच दुकानदारांवरही लक्ष ठेवावे लागेल. तंबाखूविषयक २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या सहाव्या कलमानुसार १८ वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ते कोणालाच विकता येत नाहीत. आमच्या शाळेजवळच्या गाड्यावर चहा-भजीच्या आडून सुट्या सिगारेटी आणि पुड्या मिळत असत. गाडेवाल्याचे म्हणणे असे, की फाटकापासून रस्त्याने चालत आले तर अंतर शंभर यार्डांहून अधिक भरते. नियम तसा नाही. अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ त्रिज्येत मोजायचे असते. आम्ही काही पालकांनी शाळेच्या मागच्या गडग्यापासून टेप धरली, तेव्हा ते साठ मीटरही भरले नाही. मोजमापाचा नकाशा काढून मुख्याध्यापकांच्या सहीने पंचायतीला आणि पोलीस ठाण्याला अर्ज दिला, रस्त्यावर पिवळी रेघ मारून घेतली आणि पाठपुरावा सोडला नाही. गाडा आजही तिथेच आहे, चहा-भजी चालू आहे, पुड्या मात्र गेल्या. त्या माणसाच्या पोटावर पाय न देता हे झाले, याचे मला समाधान आहे.

समईवात

मी शालेय समुपदेशक आहे आणि माझ्याकडे एकाहून अधिक शाळा आहेत, त्यामुळे प्रत्येक शाळेत मी आठवड्यातून ठरावीक दिवशीच असते. वाळपईकर यांनी गाड्याबाबत केलेले काम प्रत्येक पालक संघाने करावे असे आहे. पुड्या हाताशी नसल्या की सुरुवातच लांबते, आणि सुरुवात जितकी लांबते तितका पुढचा धोका घटतो. तंबाखू आणि मद्य यांबाबत तर हे अनेक देशांत दिसून आले आहे. चाचणीबाबत मात्र मला स्पष्ट बोलावे लागेल.

लघवीच्या साध्या चाचणीत गांजाचे अंश काही दिवसांपर्यंत सापडतात, मद्याचे अंश साध्या चाचणीत काही तासांतच दिसेनासे होतात आणि हुंगण्याची द्रव्ये नेहमीच्या चाचणीपट्टीवर उमटतच नाहीत. शाळेत चाचणी होते हे कळल्यावर मुले कशाकडे वळतील, याचा विचार करा. शिवाय काही साध्या औषधांमुळेही पट्टीवर खोटा होकार येऊ शकतो आणि खात्रीसाठी प्रयोगशाळेत पुन्हा तपासावे लागते. तोपर्यंत त्या मुलाचे नाव गावभर झालेले असते. डॉक्टर उपचाराचा भाग म्हणून चाचणी सांगतात ती गोष्ट निराळी. शाळेने चाचणीला पहारेकरी करू नये.

दप्तराच्या तपासणीला माझा सरसकट विरोध नाही. पक्का संशय असेल तर ती मुख्याध्यापकांच्या खोलीत, दोन शिक्षकांसमोर, त्या मुलाला कारण सांगून आणि पालकांना त्याच दिवशी कळवून व्हावी. सगळ्या वर्गाची दप्तरे बाकांवर उपडी करणे म्हणजे पस्तीस-चाळीस मुलांना एकदम ‘आमचा तुमच्यावर विश्वास नाही’ असे सांगणे होय.

व्याख्यानांविषयी कुळागर यांनी संयमाने लिहिले आहे, मी थोडे अधिक लिहिते. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रतिबंधाविषयीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये काढली. केवळ भीती घालणारी माहिती, एकतर्फी व्याख्याने आणि व्यसनातून बाहेर आलेल्या व्यक्तींची भावनाप्रधान कथने यांचा शाळकरी मुलांवर उपयोग होत नाही किंवा उलटच परिणाम होऊ शकतो, असे त्यांत नोंदवलेले आहे. अमेरिकेत गणवेशातील पोलिसांकडून वर्गात शिकवून घेण्याचा ‘डेअर’ हा कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू होऊन देशभर पसरला, आणि त्याच्या मूळ स्वरूपाची पुन्हा पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्याने मुलांच्या वर्तनात टिकाऊ फरक पडत नसल्याचे दिसले. उपयोग होतो तो छोट्या गटांत, अनेक तासिकांमध्ये, मुलांना बोलते करून घेतलेल्या सरावाचा. ‘नको’ म्हणायचे कसे, आग्रह टाळायचा कसा, राग आणि अपमान पचवायचा कसा, हे प्रत्यक्ष करून पाहिले तरच अंगवळणी पडते. आणखी एक साधी गोष्ट फार प्रभावी ठरते. आपल्या वयाची ‘सगळीच’ मुले काही ना काही घेतात, असा मुलांचा समज असतो. वर्गात निनावी चिठ्ठ्या घेऊन त्यांच्यासमोरच मोजल्या, तर बहुतेकांनी काहीही घेतलेले नाही हे त्यांना दिसते आणि एकटे पडण्याची भीती बरीच उतरते.

आता त्या ‘एका मोठ्या माणसा’विषयी. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात, आपल्या गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी ७४ शाळांत किशोरवयीन मुलांच्या आरोग्यासाठी ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. काही शाळांत हा कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, तर काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीने. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नेमलेल्या व्यक्तीच्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई आणि मुलांमधील नैराश्य घटले, शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत तसा फरक पडला नाही. यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. जो गुण देतो, परीक्षा घेतो आणि पालकांना बोलावतो, त्याच्याकडे मूल मन कसे उघडेल, आणि त्याच्याकडे तेवढा मोकळा वेळ तरी कुठून येणार?

जागेचा प्रश्नही लहान समजू नये. एका शाळेत मला दिलेली खोली म्हणजे खेळाचे साहित्य ठेवायची जागा होती, तिचे दार कार्यालयासमोर उघडे आणि बाहेरच्या बाकावर कोण बसले आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसे. तिथे कोणी येत नव्हते. वाचनालयाच्या मागच्या कोपऱ्यात एक टेबल मिळाल्यावर मुले पुस्तक बदलण्याच्या निमित्ताने येऊ लागली. पहिला प्रश्न बहुधा अभ्यासाचा किंवा पोटदुखीचा असतो. खरा विषय उठता उठता, दाराशी पोचल्यावर निघतो. मीही ‘तू घेतोस का?’ असे विचारत नाही. ‘तुमच्या गटात कोणी कधी काही देऊ केले होते का, आणि मग तू काय केलेस?’ असे विचारते आणि पुढे बोलत नाही. आणि सर्वांत आधी हे सांगते, की तुझे बोलणे माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, कोणी तुझ्याशी गैरवर्तन करत असेल किंवा कोणी मोठे माणूस तुझ्याकरवी माल पोचवून घेत असेल, तर मला योग्य व्यक्तीला सांगावेच लागेल. ही मर्यादा आधी सांगितल्यामुळे मूल पळून जाते असा माझा अनुभव नाही. उलट त्याला बरे वाटते.

दिवजां

मी एका दहावीतल्या मुलाची आई आहे. समईवात, आपले लेखन वाचून धीर आला, पण मला शाळेपेक्षा घरचा प्रश्न विचारायचा आहे. रात्री उशिरा मूल घरी आले, डोळे तारवटलेले आहेत, बोलणे अडखळते आहे, वास येतो आहे. अशा वेळी आईने त्या रात्री काय करावे? आमच्याकडे अशा प्रसंगी घरातील पुरुषाचा हात आधी उठतो, आणि बऱ्याचदा तो पुरुषही संध्याकाळी पिऊन आलेला असतो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. बारच्या गल्ल्यावर २१ वर्षांची अट आहे. घरात ती कोण पाळतो?

समईवात

दिवजां, त्या रात्री उलटतपासणी करू नये. मूल जागे करता येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटके येत असतील, तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा आणि काय घेतले असावे त्याची जी काही खूण असेल ती रुग्णवाहिकेतील माणसांना दाखवावी. तसे काही नसेल तर त्याला कुशीवर झोपवावे, उताणे झोपू देऊ नये, आणि कोणीतरी जवळ बसावे. बोलणे दुसऱ्या दिवशी, पोटात काहीतरी गेल्यावर, शांतपणे आणि एकाच मोठ्या माणसाने करावे. वडिलांनी मारल्यामुळे नशा सुटलेले मूल माझ्या पाहण्यात नाही. घरी येणेच टाळू लागलेली मुले पाहिली आहेत.

पुढची मदत मिळण्याच्या जागा आहेत. बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत व्यसनोपचाराची सोय आहे. बांबोळीला नेले म्हणजे ‘वेड्याच्या इस्पितळात’ नेले असे लोक म्हणतील, या भीतीने घरे महिनोन्‌महिने थांबतात आणि तेवढ्यात दुखणे मुरते. प्रत्यक्ष जायचा धीर होत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६, व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक विनाशुल्क आहेत, आणि फोन आई-वडिलांनीही करता येतो.

खडपाबांध

मी औषधविक्रेता आहे. या चर्चेत गांजा आणि सिगारेटींचे नाव आले, म्हणून औषधांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या काही गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडोलसारखी वेदनाशामके ही औषधविक्रीच्या नियमांतील ‘एच-१’ अनुसूचीत मोडतात. ही अनुसूची २०१४ च्या मार्चपासून लागू आहे, आणि तिच्यातील औषध देताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि मात्रा यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे सांभाळावी लागते. ट्रामाडोल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले आहे.

प्रत्यक्षात काउंटरवर काय घडते? शाळेच्या गणवेशावर जॅकेट चढवलेला मुलगा मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतो आणि ‘आजीचे औषध’ म्हणतो. चिठ्ठी खरी असते, पण दोन वर्षांपूर्वीची, आणि डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी लिहिलेली. मी अशा वेळी आजीच्या घरी फोन लावायला सांगतो. बहुतेक वेळा मुलगा ‘नंतर येतो’ म्हणून निघून जातो. सगळेच दुकानदार असे करत नाहीत, हे आमच्या व्यवसायाला भूषणावह नाही. पालक संघाने परिसरातील औषधविक्रेत्यांना एकत्र बोलावून एवढीच विनंती करावी, की शाळकरी मुलाच्या हाती ही औषधे देऊ नयेत आणि वारंवार येणाऱ्या मुलाविषयी शाळेच्या समुपदेशकांना कळवावे. पोलिसांत तक्रार करण्यापेक्षा यातून अधिक साधेल. आणि घरातील कपाट पाहावे. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या गोळ्या, वारलेल्या आजोबांची औषधे आपल्याकडे वर्षानुवर्षे फ्रिजवरच्या डब्यात पडून असतात.

वाळपईकर

चाचणीबाबतचे स्पष्टीकरण वाचले. ती मागणी मी धोरणात लावून धरणार नाही, दप्तरतपासणीचीही समईवात यांनी लिहिलेली रीत मला मान्य आहे. मात्र मद्याला अमली पदार्थांच्या पंगतीला बसवावे का, याविषयी मला शंका आहे. आमच्या सत्तरीत मार्च ते मे काजूचा हंगाम. बोंडू गोळा करायला मुले बरोबर असतात, भट्टीवर हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) उतरतो, पाहुण्यांपुढे ठेवला जातो. हा घराचा उद्योग आहे आणि त्याच पैशांवर मुलांच्या शाळेचा खर्च चालतो. मुलाने एखादा घोट चाखला म्हणून त्याला व्यसनी ठरवणार का?

दिवजां

वाळपईकर, त्याला व्यसनी कोणी ठरवू नये. परंतु एवढे पाहावे, की मूल त्या भट्टीवर फक्त दारू गाळायला शिकत नाही. कष्ट संपले की प्यायचे, पाहुणा आला की प्यायचे, चवथ आणि शिमगा म्हणजे प्यायचे, दुःख झाले की प्यायचे, हेही ते तिथेच पाहते. मेंदूचा सारासार विचार करणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, आणि जी मुले लवकर पिऊ लागतात त्यांच्यात पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण अधिक असते, हे आता निर्विवाद आहे. उद्योग चालू राहू द्या. मुलाला बोंडू वेचू द्या, घोट देऊ नका, आणि घरातल्या मोठ्यांनी त्याच्यासमोर ‘नको, आज नको’ असे म्हणून दाखवा. घरातल्या कोणी ग्लास परत केलेला ज्याने कधी पाहिलाच नाही, त्याला आग्रह नाकारायची तालीम शाळेतल्या तासिकेत तरी कशी द्यायची?

वाळपईकर

हे पटले. यंदाच्या हंगामात आमच्या घरापुरते मी हे पाळीन.

निवृत्त फौजदार

पोलीस दलातून निवृत्त झालेला सभासद म्हणून कायद्याचा भाग मांडतो, कारण याच्या अज्ञानामुळे शाळा एक तर प्रकरण दडपतात, नाही तर मुलाला गुन्हेगार म्हणून हाकलतात.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहे हे खरे. पण पदार्थ कोणता आहे त्यानुसार त्याची कमाल शिक्षा सहा महिने किंवा एक वर्ष एवढीच आहे. त्यामुळे १८ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे तो किरकोळ गुन्हा ठरतो. २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम ८ असे सांगतो, की गुन्हा अतिगंभीर असेल किंवा प्रौढांसह मिळून केलेला असेल तरच मुलाविरुद्ध प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवावा. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा असतो. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. शाळेने त्याचे नाव आधीच माहीत करून घ्यावे आणि बोलायचे ते त्याच्याशीच बोलावे. मुलाची ओळख वृत्तपत्रात किंवा समाजमाध्यमांवर उघड करणे हा बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, हे पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ठळकपणे लिहावे. मुलाचे छायाचित्र गटावर टाकणारा आपण लोकांना सावध करतो आहोत असे समजतो, पण कायदा त्याला आरोपीच मानतो.

उलट, मुलाला मद्य, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ मध्ये मुलाकरवी हे पदार्थ विकणाऱ्या किंवा पोचवणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. माझ्या मते शाळांनी पोलिसांकडे जायचे ते या दोन कलमांसाठी. आणि उपचार घेऊ इच्छिणाऱ्यालाही कायद्याने वाट ठेवली आहे. जो व्यसनाधीन आहे, ज्याच्यावरचा आरोप केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आहे, आणि जो स्वतः होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो, त्याला १९८५ च्याच कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून मुक्तता देते; उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. उपचाराला नेले तर पोलीस पकडतील, या भीतीने मुलाला घरात कोंडून ठेवणाऱ्या आई-वडिलांपर्यंत हे पोचले पाहिजे.

घुमट

मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि गावातल्या घुमट पथकात वाजवतो. इथे कोणी संध्याकाळविषयी लिहिले नाही म्हणून लिहितो. शाळा दीडच्या सुमारास सुटते आणि बऱ्याच घरांत आई-वडील सहा-सातपर्यंत कामावर असतात. मुलाच्या हाती जे काही पहिल्यांदा पडते ते बहुधा या मधल्या वेळात. आइसलँड या देशाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच वेळेवर लक्ष केंद्रित केले. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिनाभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी केले काय? दरवर्षी शाळांत निनावी पाहणी घेतली आणि तिचे निष्कर्ष त्या त्या गावाला लगेच दिले, खेळ आणि कलांच्या वर्गांसाठी घरांना पैशांचे साहाय्य केले, पालकांनी आपसात लेखी करार केले आणि रात्री मुलांनी किती वाजता घरी असावे याचा नियम पाळला. तो देश चार लाखांहूनही कमी वस्तीचा. २०११ च्या जनगणनेत आपला गोवा १४.५८ लाखांचा. एवढ्या लहान राज्यात तालुकानिहाय पाहणी करणे अवघड नसावे.

आपल्याकडे साधने आहेतही. मैदाने आहेत, रवींद्र भवने आहेत, भजनाच्या शाळा आहेत, देवळाच्या मंडपात नाटकाच्या तालमी होतात. पण मैदानाला साडेपाचला कुलूप लागते आणि किल्ली कोणाकडे यावर वाद चालतो. दुसरे असे, की नुसता खेळ मुलाला वाचवत नाही. स्पर्धा जिंकल्यावर संघातल्या थोरल्या मुलांनी बिअरच्या बाटल्या उघडल्या आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना पाजल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या मैदानावर जबाबदार मोठे माणूस शेवटचे मूल घरी जाईपर्यंत थांबते, तेच मैदान उपयोगाचे. आमच्या पथकात आम्ही एवढाच दंडक ठेवला आहे, की मुले तालमीला असताना कोणीही पिऊन यायचे नाही, मग तो कितीही मोठा वादक असो. एक-दोन चांगले हात आम्ही यामुळे गमावले, पण नियम मोडला नाही.

कुळागर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेतून धोरणाचे जे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याचा मसुदा इथे ठेवतो. इतर बाबी मी सभेपुढे स्वतंत्रपणे नेणार आहे.

“कोणत्याही विद्यार्थ्याने स्वतः होऊन, अथवा मित्राच्या वतीने, नशेच्या पदार्थाविषयी समुपदेशकांकडे किंवा नेमलेल्या शिक्षकांकडे मदत मागितल्यास, केवळ त्या कारणासाठी त्याला दाखला दिला जाणार नाही, परीक्षेला बसण्यापासून रोखले जाणार नाही, तसेच वर्गात किंवा प्रार्थनेच्या वेळी त्याचा उल्लेख केला जाणार नाही. पदार्थ सापडल्याचा प्रसंग असला तरी पालक, समुपदेशक आणि मुख्याध्यापक यांची एकत्र बैठक झाल्याखेरीज कोणतीही कारवाई होणार नाही. पदार्थ पुरवणाऱ्या प्रौढाची माहिती बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांना दिली जाईल.”

आमचे मुख्याध्यापक पहिल्या वाक्याला तयार आहेत. ‘पदार्थ सापडल्याचा प्रसंग’ याविषयी व्यवस्थापन मंडळ हरकत घेईल, अशी त्यांना धास्ती आहे. शब्दांत काही सुधारणा सुचल्यास कळवावे.

समईवात

मसुदा चांगला आहे. दोन गोष्टी घालाव्यात असे वाटते. ‘नेमलेल्या शिक्षकांकडे’ याऐवजी दोन व्यक्ती नावानिशी लिहाव्यात, त्यांपैकी एक स्त्री असावी, आणि मी ज्या दिवशी दुसऱ्या शाळेत असते त्या दिवशी कोणाकडे जायचे ते वर्गावर्गांत लावावे. मुलांना गरज लागते ती माझा वार पाहून लागत नाही. दुसरे, मूल उपचारासाठी काही आठवडे गैरहजर राहिले तर परतल्यावर त्याच्या वह्या आणि चाचण्या कोण भरून काढणार, हे त्याच कलमात लिहून ठेवा. उपचार नीट पार पडूनही मागे पडलेल्या अभ्यासामुळे शाळा सोडलेली मुले मी पाहिली आहेत.

व्यवस्थापन मंडळाच्या हरकतीविषयी म्हणाल, तर मुख्याध्यापकांनी बैठकीत एवढेच विचारावे, की पहिल्या प्रसंगातच दाखला दिला तर माल देणाऱ्याचे नाव शाळेला कोणाकडून कळणार? निवृत्त फौजदार यांनी लिहिलेली कलमे ७७ आणि ७८ त्या वेळी छापून सभासदांच्या हाती द्यावीत. सभेची तारीख ठरली की कळवा. माझा त्या दिवशी दुसऱ्या शाळेत वार नसेल तर मी स्वतः येईन.